तिसऱ्या ओळीवरचं बोट

'ताई, सा. न. दोन वर्षांपूर्वी आम्ही पुणं सोडून सातारा जिल्ह्यातल्या सासरच्या गावी आलो. यांनी नोकरी सोडून शेती आणि दुधाचा धंदा सुरू केलाय. मुलगा येत्या जूनमध्ये पहिलीत जाईल. घरापासून पाच मिनिटांवर जिल्हा परिषदेची शाळा आहे. पहिली ते चौथी, दोन शिक्षक, ३८ मुलं. इंग्रजी माध्यमाची शाळा तालुक्याला, ११ किलोमीटरवर. जाऊबाईंची दोन्ही मुलं तिथं जातात. वर्षाची फी २८ हजार, बसचे वेगळे. हे म्हणतात, "मी झेडपीतच शिकलो, माझं काय बिघडलं?" आणि डिसले गुरुजींचं उदाहरण देतात. जाऊबाई परवा हळदीकुंकवाला सगळ्यांसमोर म्हणाल्या, "एवढी शिकलेली आई, आणि पोराला झेडपीत घालणार?" त्या रात्री मला झोप लागली नाही. एकदा शाळेत डोकावून आले, तर एका खोलीत दोन वर्ग बसवलेले आणि सर मोबाइलवर काहीतरी भरत होते. दारातूनच परत फिरले. इंग्रजी शाळेनं मुलाची आणि आमची मुलाखत ठेवलीय. शाळा चांगली की वाईट, हे माझ्यासारखीनं ओळखायचं कसं? मला अगं-तुगं केलंत तरी चालेल. – गोंधळलेली आई'

प्रिय मैत्रिणी,

माझी मुलगी तिसरीत होती तेव्हाची गोष्ट आधी सांगते, कारण तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिच्यात आहे. आम्ही तिची शाळा निवडली ती इमारत बघून. मोठं मैदान, टापटीप गणवेश, गेटवर हसून स्वागत करणाऱ्या बाई. प्रगतिपुस्तकात कायम चांगले शेरे. एका रविवारी ती मला धडा वाचून दाखवत होती, अगदी घडाघडा. मी सहज पुस्तकात डोकावले, तर तिचं बोट तिसऱ्या ओळीवर आणि तोंड पाचव्या ओळीत. तिला धडा पाठ होता. त्याच पानावरच्या मधल्याच एका शब्दावर मी बोट ठेवलं, तो तिला वाचता येईना. आठ वर्षांची पोर, तीन वर्षं शाळेत जातेय, आणि आम्हाला पत्ताच नाही. त्या दिवशी मी फार रडले. मग वर्षभर रोज संध्याकाळी तिला जवळ घेऊन अक्षरांपासून सुरुवात केली.

तेव्हापासून कुणी शाळेबद्दल विचारलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो. तिथल्या तिसरीतल्या मुलांना पूर्वी न पाहिलेलं पान वाचता येतं का? आलं, तर त्या शाळेत कुणीतरी मनापासून शिकवतंय. नाही आलं, तर बाकीचं सगळं नंतर.

हे बघायला तुला शिक्षणतज्ज्ञ असावं लागत नाही. 'प्रथम' ही संस्था २००५ पासून 'असर' नावाची पाहणी करते, आणि तिची पद्धत इतकी साधी आहे की गावातलं कॉलेजात जाणारं पोरगंही ती करू शकतं. मुलासमोर एक कागद धरायचा. त्यावर सुटी अक्षरं, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. मूल कुठपर्यंत पोचतं ते बघायचं. गणितात आकडे ओळखणं, मग हातच्याची वजाबाकी, मग तीन अंकी संख्येला एका अंकानं भागणं. तू स्वतः वहीच्या पानावर पाच-सहा ओळींची गोष्ट लिही, मोठ्या अक्षरात, जोडाक्षरं बेताची. आपल्या गावातल्या म्हशीची, ओढ्याची, कशाचीही. पाठ्यपुस्तकातली नको, ती पाठ असू शकते. शेवटी ५२ वजा २७ एवढं एक गणित घाल.

आता ते घेऊन शाळेत जा. दारातून डोकावण्यापेक्षा नीट विचारून जा. 'गुरुजी, माझ्या मुलाला पहिलीत घालायचा विचार आहे, एक दिवस परिपाठापासून थांबू का?' एवढं पुरे. बहुतेक शिक्षकांना याचा आनंदच होतो. आईबाप दाखला काढायला येतात, बसून बघायला क्वचित येतात. आणि कुणी टाळाटाळ केली, दोन-तीनदा टाळाटाळ केली, तर तेही तुला काहीतरी सांगून जाईल. मुलांशी परीक्षा घेणाऱ्या साहेबासारखी वागू नकोस. 'मला ही गोष्ट वाचून दाखवशील?' असं विचार. गुरुजी वर्गातल्या हुशार मुलीला पुढं करतील, ते साहजिक आहे, कुणीही करेल. तिचं ऐक, शाबासकी दे, आणि मग मागच्या रांगेतल्या दोघांना बोलाव. शाळा कळते ती त्या दोघांवरून. ते अडखळले तर लगेच निष्कर्ष काढू नकोस. गुरुजी काय करतात ते बघ. ते मूल कुठं अडतं हे त्यांना आधीपासून ठाऊक आहे का? 'याला अजून जोडाक्षरं जमत नाहीत, पण दिवाळीपर्यंत काना-मात्राही येत नव्हता' असं एखाद्या शिक्षकानं न बघता सांगितलं ना, तर मी माझं नातवंड त्याच्या हाती डोळे मिटून देईन.

एका खोलीत दोन वर्ग बघून तू घाबरलीस, त्याबद्दल बोलते. शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्यानुसार प्राथमिक शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक मिळतात. तुमच्याकडे ३८ मुलं आणि दोन शिक्षक, म्हणजे कायद्यानं द्यायचे तेवढे आहेत. चार वर्ग दोघांत वाटले की प्रत्येकाकडे दोन येणारच. यात काही लपवाछपवी नाही आणि तो आपोआप दोषही ठरत नाही. बघायचं ते वेगळंच. गुरुजी पहिलीला शिकवत असताना दुसरी काय करते? फळ्यावरचं उतरवत बसते, की त्यांच्या हातात मणी, काड्या, शब्दपट्ट्या, वाचायची पुस्तकं असं काही ठरवून दिलेलं काम आहे? मोठी मुलं लहानांना सांगतात का? चांगल्या दोन शिक्षकी शाळेत एकाच खोलीत पहिलीतलं पोर दुसरीचं ऐकून पुढं जातं, हे मी स्वतः पाहिलंय. वाईट शाळेत मात्र अर्धा दिवस निम्म्या मुलांचा वाया जातो. खोली तीच असते, म्हणून तास-दोन तास बसल्याशिवाय हे कळायचं नाही.

मोबाइलचंही तसंच. ते सर कदाचित खरंच वेळ घालवत असतील. पण आज पोषण आहारात किती मुलं जेवली याची रोज ऑनलाइन नोंद करावी लागते, आणि वरून मागवलेली माहिती तर संपतच नाही. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकांना अशैक्षणिक कामं देऊ नयेत असं त्याच कायद्यात लिहिलंय. ते किती पाळलं जातं हे कुठल्याही गुरुजींना विचार. मला या गोष्टीचा मनापासून राग येतो. शिकवायला आलेल्या माणसाला आपण कारकून करतो, आणि मग त्याच्या हातातला मोबाइल बघून त्यालाच नावं ठेवतो. तू एक दिवस थांबलीस की भरणं किती वेळ चालतं ते दिसेल. दहा मिनिटं असेल तर सोडून दे. दोन तास असेल तर मुलाचे रोजचे दोन तास जाणार, कारण काहीही असो.

तू साताऱ्याची आहेस म्हणून एक खास सांगते. तुझ्याच जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या (म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालच्या गटाच्या) शाळांनी फरशीवर आकृत्या रंगवून, मुलांना जमिनीवर गटात बसवून हातानं शिकू द्यायची पद्धत रुजवली. ती बघायला राज्यभरातून शिक्षक येत असत. २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा सरकारी कार्यक्रम आल्यावर गावोगावच्या फरश्या रंगल्या. रंग कुठंही लावता येतो, म्हणून वर्गात गेलीस की खाली बघ. अंकांच्या चौकटींचा रंग मधोमध झिजलेला असेल, कडेला ताजा असेल, तर तिथं रोज पोरं उड्या मारत मोजतात. सगळा नवाकोरा असेल आणि वर बाकं ओढून ठेवलेली असतील, तर तो पाहुण्यांसाठी काढलेला आहे. वाचनाच्या पुस्तकांचंही तेच. कोपरे मुडपलेली, चिकटपट्टी लावलेली पुस्तकं दिसली की मला बरं वाटतं. कुलूपबंद कपाटातल्या कोऱ्या पुस्तकांचा काय उपयोग?

स्वच्छतागृह उघडून बघ, पाणी आहे का बघ, मुलींच्या बाजूची कडी लागते का तेही. दुपारपर्यंत थांबलीस तर मुलांबरोबर खिचडी खा. पहिली ते पाचवीच्या मुलाला या जेवणातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा नियम आहे. ते मोजायची गरज नाही, डाळ हाताला लागते का तेवढं बघ. शाळेचा ११ अंकी यू-डायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला तिचा क्रमांक, बहुतेकदा भिंतीवर रंगवलेला असतो. त्यावरून पटसंख्या, शिक्षक, खोल्या ही माहिती मिळते. मात्र मूल वाचतं की नाही, हे त्यात नसतं.

गावात विचारायचंच असेल तर ज्यांची मुलं या शाळेत कधी गेलीच नाहीत त्यांना विचारू नकोस. गिरणीत, डेअरीवर, ज्यांची मुलं चौथी होऊन हायस्कूलला गेली त्या बायकांना विचार. पाचवीत गेल्यावर काय जड गेलं? अंगणवाडीच्या ताईंशीही बोल, त्यांना गावातलं प्रत्येक पोर माहीत असतं. आणि शिक्षकांना सरळ विचार, 'तुमची बदली कधी होण्यासारखी आहे?' यात संकोच नको. दोन शिक्षकी शाळेत एकाची बदली झाली की अर्धी शाळा बदलते. म्हणून दोघांचेही वर्ग बघ. एकाच गुरुजींच्या जिवावर चाललेली शाळा आणि दोघांनी मिळून बसवलेली शाळा यांत चार वर्षांचा विचार करता फार अंतर आहे.

याच मुद्द्यावर तुझ्या यजमानांनाही दोन शब्द. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं तेव्हा माझेही डोळे भरून आले होते. पण ती परितेवाडी झाली. तुमच्या मुलाला तुमच्या गावचे गुरुजी शिकवणार आहेत. तसंच, 'मी झेडपीत शिकलो' हे खरं असलं तरी ती शाळा पंचवीस वर्षांपूर्वीची. त्यांना म्हणावं, तुम्हीही अर्धा दिवस काढून माझ्याबरोबर चला. दोघांनी बघितलं तर पुढं एकमेकांवर बोट दाखवायची वेळ येत नाही.

आता ती तालुक्याची शाळा. तुझं गोष्टीचं पान तिथंही घेऊन जा. त्यांच्याकडे इंग्रजीतली गोष्ट ने, वाचून झाल्यावर मुलाला मराठीत विचार, 'यात काय झालं?' नुसतं वाचलं आणि अर्थ लागला नाही, तर माझ्या मुलीचं झालं तेच तिथं होतंय, फक्त इंग्रजीत. मुलाची आणि तुमची मुलाखत ठेवलीय म्हणतेस. प्रवेशासाठी मुलाची किंवा आईबापांची चाळणी लावायला कायद्यानं बंदी आहे. पहिल्याच पायरीवर नियम मोडणारी शाळा पुढं तुझं किती ऐकेल याचा विचार कर. आणि बसचं गणित घाल. अकरा किलोमीटर म्हटलं तरी वाडी-वस्तीवर थांबत जाणारी बस जाऊन-येऊन दीड तास तरी खाईल. सहा वर्षांच्या पोराचा तो खेळायचा वेळ आहे.

इंग्रजीची काळजी मी हसण्यावारी नेणार नाही. ती खरी आहे, आणि ज्यांच्या घरात इंग्रजी नाही त्यांना ती जास्त छळते. पण आपल्या राज्यात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी विषय आहे. तुमच्या शाळेत सेमी, म्हणजे गणितासारखे विषय इंग्रजीतून, आहे का, तेही विचार. मूल आधी आपल्या भाषेत वाचायला शिकलं की दुसरी लिपी त्याला लवकर जमते, कारण अक्षरांतून अर्थ काढायचा असतो हे त्याला कळलेलं असतं. तू पुण्यात शिकलेली, रोज पंधरा मिनिटं तू त्याच्याशी इंग्रजीत बोललीस, गोष्ट वाचलीस, तर निम्मं काम घरात होईल.

राहिल्या जाऊबाई. तुझी झोप गेली ती शाळेमुळं नाही, त्या वाक्यामुळं गेली, हे तुझ्या पत्रात स्पष्ट दिसतं. त्यात तुझा दोष नाही. चारचौघांत असं कुणी बोललं की लागतंच. पण त्यांचाही विचार कर. दोन मुलांची फी भरताना त्यांनाही पोटातून भीती वाटत असेल, आपण बरोबर केलं ना? त्यांच्याशी वाद घालू नकोस. पुन्हा विषय निघाला तर म्हण, 'वहिनी, मी दोन्ही शाळा बघून येतेय, तालुक्याला जाताना तुम्हीही चला माझ्याबरोबर.'

झेडपीत घालायचं ठरलं, तर शाळा व्यवस्थापन समितीत जायची तयारी ठेव. तिच्यात किमान ७५ टक्के पालक आणि निम्म्या बायका असाव्यात, असा कायदा आहे. बऱ्याच गावांत बायकांच्या फक्त सह्या घेतल्या जातात. तू बैठकीला बस, आणि मागच्या रांगेतली मुलं वाचतात का हे दर महिन्याला विचार.

मी इथून तुला 'अमुक शाळेत घाल' असं सांगणार नाही. मी ते गुरुजी बघितलेले नाहीत. तिसरीतली बहुतेक मुलं तुझं पान वाचत असतील, तर मात्र पाच मिनिटांवरची शाळा सोडून मुलाला बसमध्ये बसवायचं एकही कारण मला दिसत नाही. मुलं वाचत नसतील आणि गुरुजींना त्याची खंतही नसेल, तर यजमानांच्या अभिमानासाठी मुलाला तिथं घालू नकोस. आणखी दोन गावं पलीकडची झेडपी शाळाही बघून ये, पर्याय दोनच नसतात.

उन्हाळ्यात शाळा सकाळची होते आणि मे महिन्यात बंद, म्हणून हे पंधरवड्यात उरक. शनिवार टाळ, त्या दिवशी शाळा अर्धीच असते. मुलाला पहिल्या खेपेला नेऊ नकोस, तुझं लक्ष त्याच्याकडेच राहील. दुसऱ्या खेपेला ने, मधल्या सुट्टीच्या वेळी, आणि त्याला पोरांत सोडून जरा लांब उभी राहा.

तुझी,
ताई