हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला की पाइन, देवदारसारखी सूचिपर्णी झाडं जोमानं वाढतात का?

वाढतात, पण जमिनीत नत्र असेल तरच. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या ड्यूक जंगलात 1996 पासून बरीच वर्षं लॉबलॉली पाइनच्या उघड्या रानात जादा कार्बन डायऑक्साइड सोडला गेला. प्रकाशसंश्लेषण वाढलं, लाकूडही वाढलं. मात्र नत्र कमी तिथं फायदा तुटपुंजाच.

हा वायू जास्त असला की झाडाकडून पाणी जपून वापरलं जातं, हेही खरं. पण ‘वायू वाढला म्हणजे झाडांची चंगळ’ हे मला अर्धसत्य वाटतं, कारण उष्णता आणि दुष्काळही सोबत येतात. कोरड्या हवेत पाइन पर्णरंध्रं, म्हणजे पानांवरची बारीक छिद्रं, मिटून घेतो. पाणी वाचतं, पण अन्ननिर्मिती मंदावते. दुष्काळ लांबला की किडींना अडवणारी चिकट राळ कमी पडते आणि साल पोखरणारे भुंगेरे आत शिरतात. तेव्हा हवेतला जादा कार्बन डायऑक्साइड फारसा उपयोगी पडत नाही.