नौदलात कम्युनिकेशन: मामांच्या शंकेला उत्तर

तुझा प्रश्न असा: बारावी सायन्स झाली, अग्निवीर एसएसआरचा, म्हणजे बारावी झालेल्यांच्या चार वर्षांच्या नौदल भरतीचा, फॉर्म भरायचाय. मामा म्हणतात, कम्युनिकेशन, म्हणजे निरोप पाठवण्या-घेण्याची शाखा, मिळाली तर झेंडे हलवत बसशील. आणि चार वर्षांनी तासगावला परत येऊन करणार काय, ही घरच्यांची काळजी. मी याच शाखेतून चीफ पेटी ऑफिसर म्हणून निवृत्त झालो, आता मिरजेत असतो.

आधी झेंड्यांचं सांगतो. जहाजाने रेडिओवर एक शब्द जरी बोलला, तरी ऐकणाऱ्या शत्रूला तो कुठून आला याची दिशा काढता येते. म्हणून ताफा जवळजवळ चालत असताना रेडिओ मुद्दाम गप्प ठेवायची वेळ येते. अशा वेळी सगळा कारभार झेंड्यांवर आणि सिग्नलच्या दिव्यावर चालतो. दिव्याचा झोत ज्या जहाजाकडे रोखला, मोर्स, म्हणजे लांब-आखूड उघडझापीतून पाठवलेली अक्षरं, फक्त तिकडेच जातो. नौदलाच्या संदेशांसाठीचा जीसॅट-७ उपग्रह २०१३ मध्ये सोडला, तरीही हे शिकवतात, कारण कधी बोलायचं नाही हे कळणं हाच या कामाचा गाभा आहे.

आणि झेंडे हा त्यातला लहान भाग झाला. व्हीएचएफ हा जवळच्या बोलण्याचा रेडिओ, तो साधारण नजरेच्या टप्प्यापर्यंतच पोचतो. लांबचं बोलणं एचएफवर, म्हणजे ३ ते ३० मेगाहर्ट्झ. ही लहर वातावरणातल्या उंचावरच्या विद्युतभारित थरावरून, आयनांबरावरून, परत फिरते, आणि तो थर दिवसा वेगळा, रात्री वेगळा वागतो. त्यामुळे दुपारी खणखणीत चालणारी फ्रिक्वेन्सी रात्री मरते आणि खालच्या फ्रिक्वेन्सीवर यावं लागतं. पाणबुडीची गोष्ट तर अजून निराळी. खाऱ्या पाण्यात नेहमीच्या रेडिओ लहरी शिरतच नाहीत, तिथे अतिशय कमी फ्रिक्वेन्सी लागते. त्यासाठी तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ आयएनएस कट्टबोम्मन हे प्रचंड केंद्र १९९० पासून आहे. पाण्याखालची पाणबुडी त्याचा संदेश ऐकते, पण तशाच लहरीवर उत्तर देऊ शकत नाही, तेवढा अँटेना तिच्यावर बसणारच नाही. बारावीच्या फिजिक्सला विद्युतचुंबकीय लहरींचा धडा पाठ केला असशील. इथे तो रोज हाताखाली येतो. मला हे काम शेवटच्या दिवसापर्यंत आवडलं.

लागतं काय, तर अचूकपणा. दुसऱ्याचा निरोप अक्षर न बदलता पोचवायचा, आणि पोचला याची खात्री परत वाचून घ्यायची. पहाटे तीनला, जहाज डोलत असताना, पोट ढवळत असताना. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेच्या पुरात सांगलीत नौदलाची पथकं बोटी घेऊन आली होती, ते तू लहानपणी पाहिलं असशील. छतावर अडकलेल्या माणसाची गल्ली सांगताना एक शब्द चुकला, तर बोट दुसऱ्याच गल्लीत जाते. निरोप्याचं काम एवढं मोठं आहे, हे मामांना नक्की सांग.

आता भरतीचं. वय अलीकडच्या जाहिरातींप्रमाणे साडेसतरा ते एकवीस, बारावीला गणित-फिजिक्स हवंच. त्याच जाहिरातींत मुलांना १.६ किमी धावणं साडेसहा मिनिटांत आहे. बेसिक ट्रेनिंग ओडिशात आयएनएस चिल्का, पुढे सिग्नल स्कूल कोचीला. एक गोष्ट आताच मनाशी ठरव: शाखा शेवटी गुण आणि नौदलाची गरज बघून मिळते. कम्युनिकेशन नाही मिळालं म्हणून नौदल वाया गेलं असं समजू नकोस. धाकट्या बहिणीलाही सांग, चिल्काहून मार्च २०२३ ला बाहेर पडलेल्या पहिल्या अग्निवीर तुकडीत मुलीही होत्या.

घरच्यांची काळजी खरी आहे, ती मी हसण्यावारी नेणार नाही. आम्ही पेन्शन घेऊन आलो. तुम्हा अग्निवीरांतले २५ टक्क्यांपर्यंतच चार वर्षांनंतर नौदलात पुढे राहतील. पहिल्या वर्षी महिन्याच्या ३०,००० पैकी २१,००० हातात येतात, ९,००० सेवानिधीत, म्हणजे शेवटी एकरकमी मिळणाऱ्या बचतीत, जातात आणि तेवढेच सरकार घालतं. चार वर्षांनी व्याज सोडून दहा लाखांच्या थोडं वर मिळतात. त्या पैशांतून गाडी घेऊ नकोस. त्याहून महत्त्वाचं, चार वर्षांत पदवी पदरात पाडून घे: इग्नू या मुक्त विद्यापीठाने अग्निवीरांसाठी असा अभ्यासक्रम केलाय की त्यात निम्मे क्रेडिट सेवेतल्या प्रशिक्षणाचे धरतात. तटरक्षक दलात दहा टक्के जागा अग्निवीरांना राखीव जाहीर झाल्यात. व्यापारी जहाजं आणि बंदरांकडे वळायचं मनात असेल तर जीएमडीएसएस हे नाव लक्षात ठेव, समुद्रावरच्या आपत्कालीन रेडिओची ती जागतिक व्यवस्था आहे. तिच्या ऑपरेटरचं प्रमाणपत्र परीक्षा देऊन मिळतं. चौथ्या वर्षी जाग येऊन उपयोग नाही, पहिली सुट्टी मिळेल तेव्हाच या चौकशा सुरू कर.

निकाल लागेपर्यंत दोन कामं कर. इंग्रजी अक्षरं रेडिओच्या पद्धतीने बोलायची सवय लाव: मिरज म्हणजे माइक, इंडिया, रोमिओ, अल्फा, ज्युलिएट. एसटीच्या पाट्या, गाड्यांचे नंबर, दिसेल ते असंच मोठ्याने म्हण. दुसरं, हौशी रेडिओच्या म्हणजे हॅमच्या परवान्याची परीक्षा दूरसंचार विभाग घेतो, बारा वर्षांवरच्या कुणालाही देता येते, ती दे.

आणि फॉर्म भरण्याआधी सांगलीत एखाद्या डॉक्टरकडून कान आणि रंगदृष्टी तपासून घे. कानात मळ असला तर आताच काढून घे, मेडिकलला पोरं तिथे उगाच अडकतात.