शेतात सोन्याची नाणी मिळाली, त्या १४ दिवसांचं काय केलंत?

इंग्लंडमध्ये स्विंडनला वेअरहाऊसमध्ये कामाला असलेल्या, गोव्यातल्या बार्देशच्या एका वाचकाचा मेसेज आलाय. ऑक्टोबरात पीक कापलेल्या शेतात मेटल डिटेक्टर घेऊन फिरताना एकाच खड्ड्यात तीन सोन्याची नाणी मिळाली, रोमन काळातली वाटतात, तेव्हापासून कपाटात आहेत, आता शिगम्याला घरी येताना आणून म्हापशाच्या सोनाराला दाखवू का, असं विचारतायत. असे मेसेज मला वरचेवर येतात आणि सगळ्यांत एक वाक्य असतंच, "अजून घराबाहेर कोणाला सांगितलं नाही."

सोनाराचं सोडा. पासपोर्ट पोर्तुगीज आहे म्हणूनही काही फरक पडत नाही, नाणी इंग्लंडच्या मातीतून निघाली म्हणजे कायदा तिथलाच.

सगळं अडलंय ते तिथल्या १९९६ च्या ट्रेझर ॲक्टच्या, म्हणजे सापडलेल्या खजिन्याच्या कायद्याच्या, कलम ८ वर. ३०० वर्षांहून जुनी, सोन्याची, एकाच ठिकाणी दोन किंवा जास्त नाणी मिळाली की ती ट्रेझर, म्हणजे कायद्याने खजिना, आणि १४ दिवसांत त्या भागाच्या कोरोनरला, म्हणजे खजिन्याचीही चौकशी करणाऱ्या तिथल्या अधिकाऱ्याला, कळवायचं. दिवस मोजायचे ते सापडल्याच्या दुसऱ्या दिवसापासून, किंवा हे ट्रेझर असावं असं वाटायला कारण मिळालं तिथून, यातलं जे नंतरचं ते धरायचं. ही दुसरी सोय तुम्हाला वाचवू शकली असती हो, पण तुमच्याच मेसेजप्रमाणे तुम्ही त्याच संध्याकाळी फॅमिली ग्रुपवर फोटो टाकून "रोमन सोनं मिळालं" असं लिहून बसलात! आता कळलं नव्हतं कसं म्हणणार? आणि तो मेसेज डिलीट मात्र करू नका, पुरावा पुसला असं दिसलं तर आणखी अडकाल.

आपल्याकडे तारखेवर तारीख पडते, दिवाणी दाव्यात वर्षं जातात, त्यामुळे "बघूया मागाहून" ही सवयच लागलीय आपल्याला, मला रोज कोर्टात तिचा राग येतो. इंग्लंडमध्ये न कळवणं हाच गुन्हा आहे, ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. लपवून विकायला गेलात तर प्रकरण चोरीवर जातं, हेरफर्डशायरमध्ये २०१५ ला सापडलेला खजिना लपवणाऱ्या दोघांना २०१९ मध्ये १० आणि साडेआठ वर्षं झाली होती, पुढे अपिलात कमी झाली तरी वर्षंच राहिली.

उशिराला वाजवी कारण असेल तर कायद्यात बचाव आहे, तुमचं कारण चालेल की नाही हे तिथला सॉलिसिटरच सांगू शकेल, मी इथून छातीठोकपणे नाही सांगणार. पण उद्याच त्याला गाठा आणि त्याच्या सल्ल्याने कोरोनरला किंवा तिथल्या फाइंड्स लिएझन ऑफिसरला, म्हणजे सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद करणाऱ्या अधिकाऱ्याला, कळवा, स्वतःहून कळवणं आणि पकडलं जाणं यात फार अंतर आहे.

एक गोष्ट तुम्ही लिहिलीच नाही, शेतमालकाची, म्हणजे तिथल्या भाटकाराची, परवानगी होती का? असेल तर म्युझियमने नाणी घेतल्यावर बक्षीस सहसा तुमच्यात नि त्याच्यात वाटलं जातं, उशिरामुळे तुमचा वाटा कापला जाऊ शकतो. नसेल तर सॉलिसिटरला पहिलं तेच सांगा.

शिगम्याला या, पण नाणी तिथेच ठेवून या, एक्स्पोर्ट लायसन्सशिवाय ती बाहेर काढणं हा दुसरा गुन्हा होईल. समई घासतो तशी चिंच लावून घासूही नका, आहे त्या मातीसकट ठेवा आणि खड्डा नेमका कुठे होता ते आजच लिहून काढा.