मोळी सोडली की हातचा कळतो

प्रश्न : माझी बहीण आणि मेहुणे दरवर्षी दसऱ्यानंतर ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात जातात. यंदा भाचाही त्यांच्यासोबत गेला होता. पाडव्याच्या सुमारास ते परतल्यावर मी त्याला माझ्याकडे ठेवून घेतले. तो तिसरीत आहे. आठ आणि सात पंधरा हे तो बोटांवर मोजून सांगतो. परंतु ‘पंचवीस’ लिहायला सांगितले की ५२ लिहितो आणि ४३ मधून १७ गेले तर ३४ उरतात, असे म्हणतो. दुकानातला गणिताचा संच आम्हांला परवडणारा नाही. घरी काही तयार करता येईल का?
— एक वाचक भगिनी, केज तालुका, जि. बीड

उत्तर : ताई, भाच्याची दोन्ही उत्तरे आपण नीट लिहून पाठवलीत, हे फार बरे केले, कारण त्यांतूनच तो कोठे अडला आहे ते दिसते. ४३ वजा १७ करताना त्याने ७ मधून ३ आणि ४ मधून १ काढला. या दोन्ही वजाबाक्या बरोबर आहेत. फक्त ४३ मधला ४ म्हणजे चार दहा, ही गोष्ट त्याच्या मनात अजून उभी राहिलेली नाही. तयार संच घेऊ नका. आपल्याला हवे ते साहित्य शेताच्या बांधावर आहे.

तुरीच्या वाळलेल्या काटक्या बोटभर लांबीच्या तोडून, टोके दगडावर घासून, दीडशेच्या आसपास जमवा. ज्वारीच्या धांड्यांची चिपाडे हाताला कापतात, म्हणून ती टाळलेली बरी. दहा काटक्या मोजून त्यांना रबर लावायचे आणि त्या जुडीला ‘मोळी’ म्हणायचे. हा शब्द मी मुद्दाम सुचवत आहे. आपल्या भाच्याने फडात उसाच्या मोळ्या बांधताना आणि वाहून नेताना पाहिल्या असतील. जे त्याने पाहिले आहे त्यावरच दशकाची कल्पना बसवली, तर ती त्याला परकी वाटणार नाही. मोळ्या आपण बांधून देऊ नका. दहा मोजून रबर लावण्याचे काम त्याच्याच हातून, रोज, निदान आठवडाभर होऊ द्या.

मग ४३ मांडायला सांगा : चार मोळ्या आणि तीन सुट्या काटक्या. त्यातून १७ द्यायचे आहेत, पण सुट्या तीनच आहेत. येथे आपण गप्प राहायचे. मूल थोडा वेळ घुटमळते आणि मग स्वतःच एका मोळीचे रबर काढते. आता सुट्या तेरा झाल्या. त्यांतून सात गेल्या, सहा राहिल्या. उरलेल्या तीन मोळ्यांतून एक गेली आणि समोर २६ राहिले. हातच्याची वजाबाकी एवढीच आहे. वहीत आपण ती आकड्यांवर काट मारून शिकवतो, आणि मोळी सोडण्याचा अनुभव नसलेले मूल ती काट नुसती पाठ करते. दहाची नोट आणि एकची नाणी हा पुढचा टप्पा ठेवा, कारण नोटेच्या आत दहा रुपये दिसत नाहीत आणि ती सोडताही येत नाही.

पंचवीसचे ५२ होण्याचे कारण वेगळे आहे, आणि त्यात मुलाचा दोष नाही. आपण ‘पंच’ आधी म्हणतो आणि ‘वीस’ नंतर, पण लिहिताना २ आधी येतो. नांदेड जिल्ह्यातल्या देगलूर, बिलोली भागात कानावर पडणाऱ्या तेलुगूत याच संख्येला ‘इरवै ऐदु’, म्हणजे वीस-पाच म्हणतात. तेथे बोलण्याचा आणि लिहिण्याचा क्रम एकच असतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ असे वाचन आले, तेव्हा त्यावर मोठा वाद झाला. माझे मत असे आहे की जुनी नावे सोडू नयेत, परंतु काही दिवस दोन्ही म्हणावीत : दोन मोळ्या आणि पाच काटक्या मांडून ‘वीस आणि पाच, पंचवीस’.

त्याच्या जोडीला शंभर मण्यांची माळ ओवा. दहा मणी एका रंगाचे, पुढचे दहा दुसऱ्या रंगाचे, असे आलटून पालटून. या माळेचा खरा उपयोग ‘एकोण’च्या संख्यांसाठी होतो. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी. तिसऱ्या रंगपट्ट्याच्या टोकावर बोट ठेवून एक मणी मागे यायचे. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत हाच नियम चालतो आणि फक्त नव्याण्णव वेगळे म्हणावे लागते, हे माळेवरच त्याला शोधू द्या.

रोज वीस मिनिटे पुरेत. उत्तर काटक्यांवर मिळाल्यानंतरच ते वहीत लिहू द्या. काही आठवड्यांनी तो काटक्यांना हात न लावता सांगू लागेल. मधेच पुन्हा त्यांच्याकडे वळला, तरी रागावू नका.

पुढच्या हंगामात तो आपल्याकडेच राहावा असे मला मनापासून वाटते. त्यासाठी हंगामी वसतिगृहाच्या सोयीची चौकशी दसऱ्याच्या आधीच मुख्याध्यापकांकडे करा. जावेच लागले, तर माळ आणि मोळ्या एका पिशवीत घालून द्या. काटक्या तेथेही मिळतील, रबर मात्र जास्तीचे द्या.