सुट्टीतली पहिली नोकरी, ग्रोसरी स्टोअरमध्ये

प्रश्न: ताई, सुट्टीत ग्रोसरी स्टोअरमध्ये जॉब लागलाय, आयुष्यातला पहिलाच. काउंटरला लाइन लागली की माझी तर फजितीच होणार असं वाटतंय, आणि हिशोबात पैसे कमी पडले तर आपल्या खिशातून भरायचे का?

उत्तर: अगं, बहुतेक ठिकाणी आल्याआल्या काउंटरला बसवत नाहीत, आधी माल लावायला देतात. तिथे जवळच्या तारखेचा माल पुढे, नवीन मागे, नाहीतर मागचा तसाच एक्स्पायर होतो आणि बोलणी तू खातेस. काउंटरला आलीस की गिऱ्हाइकाने दिलेली नोट लगेच गल्ल्यात टाकू नकोस, सुटे परत देईपर्यंत समोर दिसेल अशी ठेव, म्हणजे "मी मोठी नोट दिली होती" हा वादच होत नाही. सुट्या फळांचे कोड असतात, केळ्यांचा ४०११ वगैरे, ते रोज मारून मारून आपोआप पाठ होतात. पैशांचं म्हणशील तर नियम जागोजागी वेगळे, त्यामुळे सही करायच्या आधीच विचार, लाजू नकोस, आणि शिफ्ट सुरू होताना गल्ला स्वतः मोजूनच ताब्यात घे. आणि हो, बूट चांगले घाल, दिवसभर उभं राहायचंय (हे आधी कुणी सांगतच नाही!).