पार्ले टिळक विद्यालयाने पार्लं, म्हणजे मुंबईचं विलेपार्ले उपनगर, घडवलं असं पार्लेकर म्हणतात. त्यात कितपत तथ्य आहे?

मी टिळक विद्यालयाचाच, तेव्हा थोडा पक्षपात गृहीत धरून वाचा. माझ्या मते आधी पार्लेकरांनी शाळा घडवली आणि मग शाळेने पार्लं.

तो काळ बघा. ऑगस्ट १९२० मध्ये लोकमान्य गेले. त्याच वर्षी मुंबई उपनगर हा वेगळा जिल्हा झाला. गिरगावच्या चाळींतली नोकरदार मंडळी मोकळ्या हवेसाठी रेल्वेच्या कडेकडेने उत्तरेला सरकत होती. पार्लं तेव्हा मुंबईत नव्हतंच. पालिकेची हद्द इथवर आली ती १९५० मध्ये. मुलांची सोय आपली आपणच बघायची होती. १९२१ ला शाळा निघाली, टिळकांच्या नावाने. पाठोपाठ १९२३ ला लोकमान्य सेवा संघ.

आमच्या वेळी शिक्षक गल्लीतच राहायचे. गृहपाठ चुकवला तर डायरीत शेरा मारायची गरज नसे, सर संध्याकाळी भाजीच्या गाडीवर आईलाच गाठायचे. वारा बरा असला की शेवटच्या तासाला पार्ले बिस्किटांचा खमंग वास वर्गात यायचा आणि भूगोल तिथेच संपायचा. (तो कारखाना २०१६ ला बंद पडला.) पु. ल. देशपांडे याच शाळेचे विद्यार्थी. ज्या संमेलनात त्यांचं नाव निघालं नाही असं एकही मला आठवत नाही.

पुढे याच संस्थेने १९५९ ला पार्ले कॉलेज काढलं, म्हणजे आजचं साठ्ये, आणि १९६० ला डहाणूकर. रेल्वेचा पास न काढता पदवीधर झालेले पार्लेकर मी पाहिलेत!

पण 'पार्लं घडवलं' म्हणताना आम्ही पूर्वेचं मराठी, पांढरपेशा पार्लं धरतो, हेही सांगायला हवं. ईस्ट इंडियन, म्हणजे मूळच्या इथल्याच, ख्रिश्चनांची वस्ती इथे शाळेच्या कितीतरी आधीची. पश्चिमेकडे गुजराती. त्यांच्या आठवणींतलं पार्लं वेगळं असणार, आणि आमच्या गप्पांत ते क्वचितच येतं.

आता त्याच संस्थेची इंग्रजी माध्यमाची शाळाही आहे. मराठी शाळा टिकली पाहिजे असं तावातावाने बोलणाऱ्या आमच्या बॅचमधल्या बऱ्याच जणांची मुलं इंग्रजीतच शिकली. माझीसुद्धा.