राख कुठली, खडक कुठला?

प्रश्न : बोरी बुद्रुकला कुकडीच्या काठावर तळाशी काळा खडक, त्यावर गोटे, वर माती आणि तिच्यात राखेचा फिकट पट्टा पाहिला. खडक लाव्हाचा, राखही ज्वालामुखीची. मग दोन्ही एकाच उद्रेकातले का?

उत्तर : नाही. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

काळा पाषाण दख्खनचा, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा वाहत आला आणि थरावर थर चढले. वर नाणेघाटाच्या बाजूला कड्यांवर ते सरळ मोजता येतात. प्रवाहाच्या माथ्याला वायूच्या बुडबुड्यांची भोकं राहतात, ती पुढे पांढऱ्या खनिजांनी भरतात. विहिरी खणणारे या खडकाला मांजऱ्या म्हणतात. दोन प्रवाहांमध्ये विटकरी पट्टा दिसला, तर मधल्या काळात लाव्हा थांबला होता असं समजा. खालचा माथा ऊन-पावसात कुजला आणि पुढच्या लाव्हाने भाजला.

राख आली थेट सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीतून. वाऱ्याने पसरली, मग पाण्याने वाहत सखल जागी साठली. सूक्ष्मदर्शकाखाली धरा : काचेच्या वाकड्या, पारदर्शक कपच्या दिसतील. त्या म्हणजे फुटलेल्या बुडबुड्यांच्या भिंती. टोबाचे उद्रेक अनेक झाले, म्हणून तिच्या वयावर वाद आहे. कुणी सुमारे ७५ हजार वर्षं म्हणतं, कुणी कित्येक लाख. बोरीला या थरांत आदिमानवाच्या दगडी हातकुऱ्हाडी सापडल्या आहेत. राखेचं वय ठरलं की त्यांचंही ठरायला मदत होते, म्हणून हा वाद मला फार मोलाचा वाटतो.

पण पुन्हा जाल तेव्हा गोटे खडकावर टेकतात ती रेघ आधी बघा. तिच्याखालचं वय कोटींत, वरचं फार तर लाखांत. मधल्या कोट्यवधी वर्षांचा एकही थर इथे उरलेला नाही. त्या काळात खडक झिजतच राहिला. राखेपेक्षा मला ही रेघच जास्त थक्क करते.

ही झीज आजही चालू आहे. खाली निघोजला भोवऱ्यात अडकलेले गोटे गरगरत खडक कोरतात, त्यातूनच तिथले रांजणखळगे झाले. शेजारचे दोन खळगे झिजून एक झाले की पात्र तेवढं खोल जातं. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर जा. पावसाळ्यात कडा निसरड्या असतात आणि कोरणारे गोटेही दिसत नाहीत.